साडेसहा हजारांचा सबवूफर: दुकानात लावून दिलेला आणि नंतर मोजून लावलेला

स्विफ्टच्या डिकीत १२ इंची सबवूफर (सब, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) बसवून चार महिने झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पहिले तीन आठवडे मी त्या कंपनीवर जेवढा चिडलो होतो त्यातला बराचसा दोष सेटिंगचा निघाला. सबसकट रेडिमेड पोर्टेड बॉक्स (हवा आतबाहेर जायला पोर्ट, म्हणजे भोक असलेला) साडेसहा हजारांचा, वर मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा अँप आणि वायरिंग, सगळं मिळून पंधरा हजारांच्या आत.

मला घ्यायचा होता तो भजनासाठी. पखवाजाची धूम दाराच्या स्पीकरमधून कधी आलीच नाही, नुसती उजव्या तोंडावरच्या शाईची टकटक ऐकू यायची. दुकानातल्या पोराने अँपचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) जवळपास शेवटपर्यंत फिरवला, बास बूस्ट फुल केला, डिकी उघडी ठेवून वाजवलं आणि म्हणाला, ‘बघा साहेब, काच हलतीय.’ काच हलत होती खरी, पण घरी येताना अभंग लावला तर धा काय नि गे काय, सगळे बोल एकाच सुरात, नुसतं हुंऽऽ, आणि तासाभरात डोकं जड झालं.

मग मल्टिमीटर काढला. बॉक्सवर मोठ्या अक्षरात १२०० वॅट छापलेत, पण ते पीक, म्हणजे क्षणभराचे. खाली बारीक अक्षरात आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे, २५० आहे आणि हिशोब त्याच आकड्याचा धरायचा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे व्होल्ट. मी जरा हात राखून २०० वॅट धरले, सबची कॉइल ४ ओहमची, म्हणजे साधारण २८ व्होल्ट. सबच्या वायरी सोडवायच्या, बूस्ट नि इक्वलायझर शून्यावर, पेनड्राइव्हवरून ५० हर्ट्झचा टोन लावायचा आणि अँपच्या आउटपुटला एसी व्होल्ट बघायचे. ५० हर्ट्झच घ्यायचा कारण घरातली वीजही तेवढ्याच हर्ट्झची, साधा दीडदोनशेचा मीटरही तिथे बरोबर दाखवतो. दुकानातलं सेटिंग तसंच ठेवून आधी मोजलं होतं तेव्हा ४४ आले होते! अँप ३०० वॅटचा आहे, तो स्वच्छ देणार ३४-३५ व्होल्टपर्यंत, त्याच्या वरचं म्हणजे लाट डोक्यावर कापली जात होती आणि कॉइल उगाच भाजून निघत होती. स्टिरिओचा आवाज ४० पैकी ३० वर ठेवून गेन २८ वर आणला. आवाज कमी होईल ही भीती काढून टाका, वॅट दुप्पट केले तरी फरक फक्त ३ डेसिबलचा पडतो.

दुसरं काम बॉक्सचं ट्यूनिंग शोधायचं, त्याला काहीच लागत नाही. हळू आवाजात एकेक टोन लावत खाली यायचं आणि कोनवर (सबच्या हलणाऱ्या पडद्यावर) अलगद बोट ठेवायचं. एका जागी कोन जवळजवळ थांबतो आणि पोर्टमधून वारा सगळ्यात जोरात येतो, तो त्या बॉक्सचा सूर. माझा ४० हर्ट्झच्या आसपास निघाला. त्याच्या बऱ्याच खाली गेलं की आतल्या हवेचा कोनला आधारच राहत नाही, तो मोकाट हलतो, म्हणून सबसॉनिक फिल्टर (ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचे सूर कापणारा) ३२ वर लावला. पोर्टेड बॉक्स असेल आणि अँपला हा फिल्टर नसेल तर तो अँप घेऊ नका, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

खरा उजेड पडला तो मोजमापात. मित्राकडून यूएसबी माइक आणला, त्याची कॅलिब्रेशन फाइल (माइकची स्वतःची चूक भरून काढणारी) लॅपटॉपवर आरईडब्ल्यू या आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली (सॉफ्टवेअर फुकट आहे), रात्री पार्किंगमध्ये काचा बंद, इंजिन नि एसी बंद, पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला खरखराट) लावून ड्रायव्हरच्या डोक्याच्या जागी माइक सावकाश फिरवत राहिलो. मोबाइलचं ॲप आधी वापरून बघितलं होतं पण फोनचा माइक खालचे सूर नीट पकडत नाही, त्यावर विसंबू नये. स्क्रीनवर ४८ हर्ट्झला ११ डेसिबलचा डोंगर आणि ७५ ला खड्डा. डोंगर सगळा सबचा नाही हो, ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब, तिच्यापुढे गाडीची केबिन म्हणजे डबी, आतली सगळी हवा एकदम दाबली जाते नि खालचे सूर आपोआप फुगतात. इक्वलायझरचा ५० चा बँड ६ ने उतरवला. खड्डा मात्र बूस्ट करून भरत नव्हता कारण तिथे दाराचे स्पीकर आणि सब एकमेकांना खोडत होते. फेजचं बटण (सबची लाट उलटी करणारं) ० वरून १८० केलं आणि खड्डा जवळपास भरला! सबला लो पास ८० वर, म्हणजे त्याच्या खालचंच सबला, आणि दारांना हाय पास ८०, म्हणजे वरचंच त्यांना. बॉक्सचं तोंड मागे डिकीच्या दाराकडे ठेवलं तेव्हा माझ्या गाडीत सगळ्यात सरळ रेघ आली, पण वीतभर सरकवला तरी रेघ बदलते, म्हणून जागा पक्की करूनच मोजा.

आता धूम धूमसारखी येते. डाव्या तोंडाला कणिक लावून उतरवलेला तो गोल, दमदार आवाज, आणि वादकाने तळवा दाबून सूर वर खेचला तर तोही कळतो. या पैशात मला एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

बॉक्सच्या तक्रारी आहेतच. वायर लावायच्या कपाच्या कडेने हवा गळून शिट्टी वाजत होती, ती एम-सीलने बुजवली. मोठ्या आवाजात पोर्ट फुसफुसतो, त्याला इलाज नाही. नंबर प्लेट थरथरायची, मागे फोमची टेप लावली. आणि बॅटरीजवळ फ्यूज दुकानदाराने टाकलाच नव्हता, हे मात्र मला अजिबात पटलेलं नाही, वायर कुठे घासली तर गाडी पेटू शकते. तुमच्याकडे बॉनेट उघडून आजच बघा, बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज असायलाच हवा.

स्टेपनी बॉक्सच्या खाली जाते. मी वायरीत मध्ये एक कनेक्टर टाकून घेतलाय, पंक्चर झालं की तो सोडवायचा, बॉक्स उचलून बाजूला ठेवायचा, एकट्याने जमतं.