मिग-२१ करायचंय, पण जुन्या साच्याचं की नव्या?

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला. १९६३ पासून हवाई दलात असलेलं विमान गेलं म्हटल्यावर माझ्या ओळखीतल्या तिघांना एकदम त्याचं मॉडेल करावंसं वाटू लागलं. तिघांनीही एकच प्रश्न विचारला: स्वस्तातलं जुनं किट, म्हणजे जोडायच्या प्लास्टिकच्या भागांचं खोकं, घेऊन त्यावर हात चालवायचा, की जास्त पैसे टाकून नवं घ्यायचं?

मापाचं आधी उरकून टाकू. १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्यात, मिग साधारण २० सेंटीमीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद होतं, म्हणजे टीव्हीखालच्या कपाटात सहा-सात सहज मावतात. १/४८ मध्ये लांबी ३० वर जाते. वन रूम किचनमध्ये त्याचा हट्ट धरायचा असेल, तर आधी घरच्यांची परवानगी काढा. १/१४४ तळहातावर मावतं, पण त्याची चाकं चिमट्यातून उडाली की फरशीवर शोधत बसावं लागतं. पहिल्यांदा करताय तर १/७२ च घ्या.

आता जुनं किट. साचा साठ-सत्तरच्या दशकातला आणि खोकं मात्र कालचं. खोक्यावरच्या चित्रावर भाळू नका. आतल्या विमानाच्या पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या रेघा, कोरलेल्या नसतात, उठावदार असतात, कॉकपिटमध्ये एक खुर्ची आणि भोपळ्यासारखा पायलट असतो, आणि पंखाची मागची कड चांगली एक मिलिमीटर जाड असते. एक मिलिमीटर म्हणजे किती? गुणिले ७२ करा. खऱ्या विमानाच्या पंखाची कड सात सेंटीमीटर जाड, एखाद्या फळकुटासारखी! हा दोष काढायला एक पैसा लागत नाही. पंखाचे दोन भाग चिकटवण्याआधी आतल्या बाजूने वॉटर पेपरवर, म्हणजे ओला करून वापरायच्या घासकागदावर, घासत राहायचं. ४०० नंबरने सुरुवात करा, ८०० ने संपवा. कागद कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

फटी भरायला फेविक्विक आणि टाल्कम पावडर पुरते. मात्र अर्ध्या तासात घासून घ्या, नंतर ते दगड होतं आणि बाजूचं प्लास्टिक आधी झिजतं. नाकावरची पिटो नळी (हवेतला वेग मोजणारी) किटमध्ये काडीएवढी जाड येते. ती कापून इंजेक्शनची सुई लावा, तीही सगळ्यात शेवटी. मी आधी लावली होती. बाही अडकून तीनदा तुटली. मिग शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन लागतं. त्यासाठी मासेमारीच्या सामानाच्या दुकानातल्या, जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या उत्तम. त्या हाताळल्यावर हात मात्र धुवा.

आणि पॅनेल लाइन? सगळ्या नव्याने कोराव्यात असं बरेच जण सांगतात. माझं मत उलट आहे. नवशिक्याने कोरलेली रेघ ०.२ मिलिमीटरची असली, तरी खऱ्या विमानावर ती दीड सेंटीमीटरची चर ठरते. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये ठेवलेलं मारुत हे भारतीय लढाऊ विमान जवळून पाहा. पत्र्यांच्या जोडावर बोट फिरवण्याएवढीही फट दिसत नाही. उठावाच्या रेघा घासून टाका आणि रंगावर टोकदार पेन्सिलने पुन्हा आखा.

नव्या साच्यात, म्हणजे झ्वेज्दा कंपनीचं मिग-२१ बिस किंवा एडुआर्ड कंपनीचं मिग-२१ एमएफ (बिस, एमएफ हे मिग-२१ चेच प्रकार), यातलं जवळपास काहीच करावं लागत नाही. रेघा बारीक कोरलेल्या, कॉकपिट भरलेलं. मग उरतं ते नीट जोडणं आणि रंगवणं. पैसे जास्त जातात हे खरं, पण जुन्या किटवर पुट्टी, कागद आणि वेगळे डिकल (विमानावर चिकटवायच्या छापील खुणा) घेत गेलात तर तो फरक बराच आटतो, आणि वर सहा-सात रविवार जातात. एक लक्षात ठेवा, बिस म्हणजे बायसन नव्हे. बायसन ही बिसची आपल्याकडची सुधारित आवृत्ती. शेवटी उडत होतं त्या बायसनची पुढची काच एकसंध आहे, बिसच्या काचेला चौकटी आहेत.

दुकानात नॅट हे छोटं लढाऊ विमान दिसलं म्हणून उडी मारू नका. १९६५ आणि ७१ मध्ये पाकिस्तानच्या सेबर विमानांशी लढलेलं आपलं नॅट एकाच खुर्चीचं होतं. ब्रिटनच्या रेड ॲरोज या हवाई कसरतींच्या पथकाच्या लाल रंगात मिळतं ते दोन खुर्च्यांचं प्रशिक्षण विमान आहे, त्याचे पंखही मोठे आहेत. त्यातून आपलं नॅट काढायचं म्हणजे नवं कोट फाडून जुनं जाकीट शिवणं.

रंगाचा विचार किट निवडतानाच करा. चंदेरी रंग प्रत्येक ओरखडा चव्हाट्यावर आणतो, त्यामुळे घासाघासी केलेल्या जुन्या किटला तो परवडत नाही. १९७१ च्या लढाईत चंदेरी मिग-२१ एफएलवर घाईघाईने गडद पट्टे मारले होते. ब्रशने रंगवणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय हवं? एफएल आणि पीएफ हेही मिग-२१ चे प्रकार. एफएलचं शरीर मूळ पीएफचं, तेव्हा जुनं किट घ्यायचं असेल तर पीएफ शोधा. नवं बिस घेतलंत तर करडा रंग करा. जुलैत स्प्रेचा डबा उघडू नका. गॅलरीतल्या दमट हवेत लॅकरवर पांढुरकी साय धरते आणि शेजारच्या काकूंना वास जातो तो वेगळाच. पावसाळ्यात पाण्याचे ॲक्रिलिक आणि ब्रश, थर मात्र पातळ.

भारतीय खुणा बहुतेक खोक्यांत नसतात. वर्तुळं छापून घेणार असाल, तर पांढऱ्या डिकल कागदावर छापा, कारण साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही आणि पारदर्शक कागदावर मधलं पांढरं कडं गायब होतं. केशरी बाहेर, हिरवा मध्ये.

तिघांपैकी एकाला मी जुनं पीएफ घ्यायला सांगितलं, कारण त्याला घासत बसायला आवडतं आणि त्याचे रविवार मोकळे असतात. उरलेल्या दोघांना सांगितलं, बिस घ्या आणि दिवाळीपर्यंत कपाटात उभं करा.