‘ट्रॅव्हलर’चं ‘मर्सनरी’: लढाईआधीची घासाघीस

‘ट्रॅव्हलर’ या अंतराळातल्या रोल-प्लेइंग खेळात भाडोत्री सैनिकांची मोहीम चालवायची म्हटलं की मी आधी नकाशा काढून बसायचे. ‘मर्सनरी’ हाती पडलं तेव्हापासून आधी करारनामा लिहायला घेते.

मूळ ‘ट्रॅव्हलर’ १९७७चा, त्याचं हे चौथं पुस्तक १९७८चं. काळ्या मुखपृष्ठाची छोटीशी पुस्तिका. मूळ नियमांत पात्राची नोकरी चार-चार वर्षांच्या टप्प्यांनी पुढे सरकते; इथे लष्कर आणि मरीनसाठी एकेक वर्ष सुटं खेळायचं. एका वर्षी छापा, एका वर्षी बंदोबस्त, एखादं वर्ष नुसतं छावणीत. दर वर्षी फासे सांगतात, जगला का, पदक मिळालं का, बढती झाली का. मला सगळ्यात आवडतं ते हे, की जगण्याच्या फाशातले गुण स्वतःहून कमी करून ते पदकाच्या फाशात घालता येतात. आमच्या सार्जंटने एका छाप्यात दोन गुण असे लावले. जेमतेम वाचली आणि पदक मिळालं. पुढे धोका दिसला की ती सगळ्यांच्या पुढे का जाते, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

खरं सोनं मात्र ‘तिकिटां’त आहे. कंत्राटाला या पुस्तकात तिकीट म्हणतात. कमांडो छापा, पहारा, किंवा स्थानिक फौज उभी करून द्यायचं ‘कॅडर’. आम्ही कॅडर घेतलं. एका खाणवसाहतीतल्या पोरांना लढायला शिकवायचं होतं. भरती आणि प्रशिक्षण ही कौशल्यं एरवी कागदावर पडून राहिली असती, ती इथे बंदुकीपेक्षा मोलाची ठरली. अख्खी एक बैठक घासाघिशीत गेली. आगाऊ किती, दारूगोळा कुणाचा, जखमींचा खर्च कोण देणार, परतीचं भाडं कुणाच्या खिशातून? कॅप्टनने भाडं आधी वसूल केलं आणि त्या बदल्यात दारूगोळ्याचं कलम सोडून दिलं. तिसऱ्या महिन्यात ते अंगाशी आलं.

त्यात या विश्वात जहाजापेक्षा वेगाने निरोप जात नाही आणि एका जंपला, म्हणजे ताऱ्यांमधल्या एका उडीला, आठवडाभर लागतो. शेजारच्या ग्रहमंडळातल्या मालकाला काही विचारावं, तर उत्तर यायला किमान दोन आठवडे. तेवढ्यात वेढा पडतो, आणि निर्णय तिथे उभ्या असलेल्या माणसालाच घ्यावा लागतो.

आम्हाला वेढा पडला तेव्हा परतीचा बाँड आठवला. तुकडीने आधीच त्रयस्थाकडे रक्कम ठेवायची. शरण जायची वेळ आलीच तर ती शत्रूला मिळते आणि सैनिक सुखरूप घरी पोचतात. काय सुंदर नियम आहे हा! कॅप्टन खेळणाऱ्या मित्राने पात्राचा कागद पालथा घातला. म्हणाला, “बाँड आपल्या चौतीस जणांचा आहे. आपण शिकवलेल्या पोरांचं काय?” बराच वेळ कुणी फाशांना हात लावला नाही. मग सार्जंट म्हणाली, “त्यांना सोडून मी निघणार नाही.” त्या रात्री आम्ही तिथेच थांबलो.

पुस्तक उणं पडतं ते मोठ्या लढाईत. संपूर्ण तुकडीचा निकाल थोडक्यात लावणारी पद्धत झटपट आहे, पण तेवढा वेळ खेळाडू नुसते बघत बसतात. मी लढाई त्या पद्धतीने चालवते आणि खेळाडूंच्या दहा जणांपुरती नेहमीची चकमक खेळते. एक पूल, एक दारूगोळ्याची कोठी, एवढंच. शस्त्रांची पानंही माझ्या मते फार झाली. शत्रूची टेक लेव्हल, म्हणजे तंत्रज्ञानाची पातळी, दोन-तीनने वर असली की चित्र पालटतं, हे खेळ चालवणाऱ्या रेफरीच्या ध्यानात राहिलं तरी पुरतं. आणि ज्यांच्या दारात लढाई चालते ती माणसं पुस्तकात जवळजवळ नाहीतच. ती तुम्हीच घडवा, तिकीट लिहायच्याही आधी. आमच्या खाणीतली ती पोरं आधी नावानिशी ओळखीची झाली नसती, तर बाँड शत्रूला देऊन सगळे निघून गेले असते.

मूळ तीन पुस्तिका नसतील तर हे एकटं घेऊन उपयोग नाही. त्या असतील तर जरूर घ्या.

पुढचं तिकीट घेताना आमच्या कॅप्टनने पहिलंच कलम लिहून घेतलं: बाँडच्या यादीत शिकाऊ सैनिकांचीही नावं असतील आणि त्यांचे पैसे मालक भरेल.