स्वस्त ओबीडी स्कॅनर: इंजिनसाठी उत्तम, ब्रेकसाठी अपुरा

डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या ओबीडी (गाडीची स्वतःची दोष-तपासणी यंत्रणा) सॉकेटमध्ये बसणारा हा ब्लूटूथ स्कॅनर इंजिनचे दोष सांगणारे कोड चोख वाचतो. पी०३०१ आला, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट पेटत नाही. इंजिन बंद करून त्याची इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) दोन नंबरच्या सिलिंडरच्या कॉइलशी अदलाबदल करून पाहा. आता पी०३०२ आला, तर कॉइलच खराब. नाहीतर स्पार्क प्लग आणि इंजेक्टर तपासा.

एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅगचे कोड मात्र असले स्वस्त स्कॅनर बऱ्याच गाड्यांत वाचतच नाहीत, आणि जिवाशी गाठ तिथेच असते! डॅशबोर्डवर त्यांचे इशारा-दिवे पेटलेले असताना ॲप ‘दोष नाही’ म्हणालं, तरी विश्वास ठेवू नका. तक्रार नोंदवण्याआधी कोड पुसूही नका. बिघाडाच्या क्षणाचा वेग, आरपीएम, तापमान हा पुरावा त्याबरोबरच जातो. आधी स्क्रीनशॉट घ्या.