अमेरिकेत भाड्याची गाडी: विमा काउंटरवर घ्यावा, घरून घ्यावा की क्रेडिट कार्डावर विसंबावे?

भारतात गाडी चालवणाऱ्याला थर्ड पार्टी विम्याची रक्कम किती, हा प्रश्न सहसा पडतच नाही. हा विमा कायद्याने सक्तीचा आहे. अपघातात कोणी दगावले किंवा जखमी झाले, तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई विमा कंपनीने द्यायची असते आणि तिला वरची मर्यादा नसते. खासगी मोटारीने दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान केले, तर तेवढ्यापुरती साडेसात लाख रुपयांची मर्यादा आहे. हीच समजूत मनात ठेवून आपण अमेरिकेतल्या विमानतळावर भाड्याच्या गाडीच्या काउंटरसमोर उभे राहतो आणि सगळे लक्ष ‘गाडीला ओरखडा आला तर काय’ या एकाच काळजीकडे देतो. अमेरिकेत हा विचार उलट क्रमाने करायला हवा, असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्या माणसाला इजा झाली तर भरपाई कोण देणार, हे आधी पक्के करावे. गाडीच्या पत्र्याचा विचार त्यानंतर.

याचे कारण तिथल्या कायद्यात आहे. थर्ड पार्टी दायित्वाची किमान रक्कम अमेरिकेत प्रत्येक राज्य आपापली ठरवते आणि ती फार तुटपुंजी असते. कॅलिफोर्नियात ती अनेक दशके एका जखमी व्यक्तीसाठी १५,००० डॉलर, एका अपघातातील सर्व जखमींसाठी मिळून ३०,००० डॉलर आणि मालमत्तेसाठी अवघी ५,००० डॉलर होती. १ जानेवारी २०२५ पासून ती अनुक्रमे ३०,०००, ६०,००० आणि १५,००० डॉलर झाली आहे. टेक्सासमध्ये हे आकडे ३०,०००, ६०,००० आणि २५,००० आहेत. फ्लोरिडात मालमत्तेच्या नुकसानीसाठी किमान मर्यादा १०,००० डॉलरची आहे. सिग्नलला पुढे थांबलेल्या नव्या कोऱ्या गाडीला मागून जोरात धडक बसली, तर एवढ्या रकमेत तिची दुरुस्तीही भागेलच असे नाही, आणि आतल्या माणसाला शस्त्रक्रिया लागली तर ३०,००० डॉलर रुग्णालयाच्या पहिल्या बिलातच संपू शकतात. त्यापुढची रक्कम चालवणाऱ्याकडून मागितली जाते. गाडी कंपनीच्या नावावर आहे, म्हणून कंपनी बघून घेईल, ही आशाही ठेवू नये. २००५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने केलेल्या ग्रेव्हज दुरुस्तीनुसार, कंपनीचा स्वतःचा निष्काळजीपणा नसेल तर केवळ गाडीची मालक म्हणून तिला जबाबदार धरता येत नाही.

आपल्या घरच्या गाडीची पॉलिसी इथे उपयोगी पडत नाही, हे एका वाक्यात सांगून पुढे जातो: ती भारतापुरती असते आणि जादा प्रीमियम भरून तिची हद्द वाढवता येते ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका यांसारख्या शेजारी देशांपर्यंतच.

काउंटरवर मिळणारे संरक्षण

काउंटरवर साधारण तीन गोष्टी पुढे केल्या जातात. पहिली एलडीडब्ल्यू किंवा सीडीडब्ल्यू. भाड्याच्या गाडीचे नुकसान झाले किंवा ती चोरीला गेली, तर कंपनी तुमच्याकडून वसुली करणार नाही, असे ते करारातले आश्वासन असते. दुसरी एसएलआय, म्हणजे वाढीव थर्ड पार्टी दायित्व. राज्याच्या किमान रकमेच्या वर ते जाते आणि अनेक ठिकाणी एकूण १० लाख डॉलरपर्यंत पोचते. काही कंपन्यांनी मात्र ही मर्यादा ३ लाख डॉलरवर आणली असल्यामुळे आकडा विचारूनच घ्यावा. तिसरी पीएआय, म्हणजे गाडीतल्या प्रवाशांचा अपघात विमा. भारतातून निघताना चांगल्या रकमेचा प्रवास विमा घेतला असेल, तर तुमचा स्वतःचा वैद्यकीय खर्च त्यात येतो. त्यामुळे पीएआय बहुतेकांनी नाकारली तरी चालते. प्रवास विम्यात ‘वैयक्तिक दायित्व’ असे एक कलम असते, ते वाचून अनेकांना वाटते की थर्ड पार्टीची सोय झाली. मोटार चालवताना उद्भवणारे दायित्व त्या कलमातून सहसा वगळलेले असते, आणि ही ओळ पॉलिसीच्या बरीच आत कुठेतरी असते.

या पर्यायाचा मोठा गुण म्हणजे सरळपणा. गाडीला पोचा पडला, तर किल्ली परत करताना माहिती द्यायची, अर्ज भरायचा आणि निघायचे. आपले पैसे अडकत नाहीत. दोष किमतीचा. ठिकाण आणि हंगामानुसार दर बदलतात. पण एलडीडब्ल्यूला दिवसाला २५ डॉलर आणि एसएलआयला १५ डॉलर धरले, तर दहा दिवसांचे ४०० डॉलर होतात, आणि लहान गाडीचे मूळ भाडेही काही वेळा तेवढेच असते. त्यातून हा निर्णय घ्यायचा कधी, तर सतरा-अठरा तासांच्या प्रवासानंतर, मागे रांग उभी असताना. समोरच्या टॅबलेटवर एकामागून एक चौकटी येतात, प्रत्येकीखाली ‘स्वीकार’ आणि ‘नकार’ अशी दोन बटणे असतात आणि कर्मचारी बोटाने जागा दाखवत जातो. अशा वेळी माणूस एक तर सगळे घेतो किंवा चिडून सगळे नाकारतो, आणि दुसऱ्या प्रकारात एसएलआयही हातची जाते.

घरूनच घेतलेले पॅकेज

अमेरिकेबाहेर राहणाऱ्या ग्राहकांसाठी काही भाडे कंपन्या आणि आरक्षण करणारे दलाल एलडीडब्ल्यू आणि एसएलआय दोन्ही धरलेला एकत्रित दर देतात. भारतातून पर्यटनासाठी जाणाऱ्यांकरिता माझी पहिली पसंती यालाच आहे, कारण काउंटरवर या दोन गोष्टी सुट्या घेण्यापेक्षा तो दर बहुधा बराच कमी पडतो आणि निर्णय घरी, शांतपणे, अटी वाचून घेता येतो. मात्र आरक्षण करताना राहण्याचा देश खरा निवडणे अत्यावश्यक आहे. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाने स्वस्त पडते म्हणून भारताचा पत्ता घालून स्वतःच्या नावावर असे आरक्षण केले, तर क्लेमच्या वेळी सगळेच संरक्षण वादात सापडू शकते.

आरक्षणाच्या पानावर ‘समाविष्ट’ या शब्दाखाली नेमके काय आहे, हेही बारकाईने बघावे. तिथे एलडीडब्ल्यू लिहिलेले असते आणि एसएलआयचा पत्ताच नसतो, असे पुष्कळदा आढळते. व्हाउचरवर, म्हणजे आरक्षणाच्या पावतीवर, दायित्वाची रक्कम डॉलरमध्ये छापलेली नसेल, तर ते पॅकेज पूर्ण आहे असे समजू नये. त्या व्हाउचरची कागदी प्रत जवळ ठेवावी, म्हणजे काउंटरवर तेच संरक्षण पुन्हा विकत घ्यायची वेळ येत नाही.

संकेतस्थळांवरचे स्वस्त संरक्षण आणि क्रेडिट कार्ड

हे दोन पर्याय मी एकत्र घेतो, कारण दोन्हींचा स्वभाव आणि उणीव एकच आहे. आरक्षण करताना संकेतस्थळ शेवटी ‘संपूर्ण संरक्षण’ अशा नावाने दिवसाला थोडक्या डॉलरांत काही देऊ करते. बहुतेक वेळा तो तिसऱ्याच विमा कंपनीचा प्रतिपूर्ती विमा असतो. गाडीचे नुकसान झाले, तर भाडे कंपनी रक्कम तुमच्या कार्डावरून वसूल करते, आणि नंतर तुम्ही बिले, अपघाताचा अहवाल आणि करार जोडून ती परत मागता. भाडे कंपनीचा या विम्याशी संबंध नसल्यामुळे काउंटरवरचा माणूस ‘तुमच्याकडे विमा नाही’ असे म्हणतो, आणि त्याच्या नोंदीपुरते ते खरेच असते.

क्रेडिट कार्डाची सोय अमेरिकेत दिल्या जाणाऱ्या काही कार्डांवर चांगली असते. भारतीय बँकेच्या कार्डावर ती आहेच असे गृहीत धरू नये, लाभांचे पत्रक काढून वाचावे. जिथे ती असते, तिथे संपूर्ण भाडे त्याच कार्डाने भरावे लागते आणि भाडे कंपनीची एलडीडब्ल्यू नाकारावी लागते. बारा किंवा पंधरा आसनी व्हॅन, महागड्या गाड्या आणि ठरावीक दिवसांपेक्षा लांबलेले भाडे या गोष्टी कार्डाच्या संरक्षणातून सहसा वगळलेल्या असतात. तीन कुटुंबांनी मिळून एकच मोठी व्हॅन घेण्याची हौस आपल्याकडे बरीच आहे, म्हणून ही अट मुद्दाम सांगतो. आणखी एक अडचण अशी की गाडी दुरुस्तीला पडून राहिली, त्या दिवसांचे बुडालेले भाडेही भाडे कंपनी मागते; कार्डाची विमा कंपनी मात्र ते देण्याआधी त्या काळात बाकीच्या गाड्या खरोखर भाड्याने गेल्या होत्या का, याची नोंद मागते. ती नोंद भाडे कंपनीकडून मिळवताना ग्राहकाची दमछाक होते.

हे सगळे सांभाळता येईल. पण हे दोन्ही पर्याय साधारणपणे फक्त भाड्याच्या गाडीचे नुकसान बघतात. थर्ड पार्टी दायित्वाचा त्यांत एक डॉलरही नसतो. म्हणून यांतला एखादा पर्याय घेतला, तरी एसएलआय वेगळी घेतलीच पाहिजे.

मुलाची किंवा मुलीची पॉलिसी

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियात मुलाकडे चार-पाच महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांची परिस्थिती निराळी असते. मुलाकडे स्वतःच्या गाडीची पॉलिसी असेल आणि त्याने स्वतःच्या नावावर भाड्याची गाडी घेऊन स्वतः चालवली, तर त्या पॉलिसीतले दायित्व बहुधा भाड्याच्या गाडीलाही लागू होते. पॉलिसीत कोलिजन (धडकेचे नुकसान) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी आणि इतर नुकसान) असेल, तर गाडीचे नुकसानही येते. मात्र डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला ठरलेला पहिला वाटा, स्वतः भरावा लागतो आणि पुढच्या वर्षीचा प्रीमियम वाढू शकतो.

बाबांनी मुलाची घरची गाडी चालवायची असेल, तर प्रश्न नाजूक होतो. मालकाच्या परवानगीने अधूनमधून गाडी चालवणाऱ्याला पॉलिसीचे संरक्षण साधारणतः मिळते. पण घरात राहणाऱ्या प्रत्येक चालकाचे नाव कळवा, असे विमा कंपन्या सांगतात, आणि महिनोन्‌महिने राहणारा माणूस पाहुणा की घरचा, यावर वाद होऊ शकतो. काही पॉलिसींमध्ये नाव नसलेल्या चालकाच्या हातून अपघात झाला, तर दायित्वाची रक्कम राज्याच्या किमान मर्यादेवर उतरते. एजंटला फोन करून नाव घालायला थोडा जादा प्रीमियम पडेल, पण ‘बाबा फक्त किराणा आणायला जातात’ या भरवशावर राहण्यापेक्षा ते शहाणपणाचे आहे.

संरक्षण कुठे तुटते

विमा कोणताही घ्या, करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली तर तो बहुतांशी निकामी होतो. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पती किंवा पत्नीला आपोआप चालक मानतात, पण मेहुणा किंवा मित्र चालवणार असेल तर त्याचे नाव घालून घ्यावे. मूळ भारतीय लायसन्स आणि आरटीओकडून मिळणारे, एक वर्षाच्या मुदतीचे आंतरराष्ट्रीय परमिट, दोन्ही जवळ ठेवावीत.

कच्चा रस्ता हा दुसरा धोका. मॉन्युमेंट व्हॅलीतला सतरा मैलांचा फेरा मातीचा आहे, आणि डेथ व्हॅलीत आपोआप सरकणाऱ्या दगडांसाठी प्रसिद्ध असलेल्या रेसट्रॅकपर्यंतचा सुमारे सत्तावीस मैलांचा रस्ताही कच्चा आहे. भाडेकरारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते आणि तिथे झालेल्या नुकसानीला एलडीडब्ल्यू लागू होत नाही. मॉन्युमेंट व्हॅलीत स्थानिक नवाहो वाटाड्यांच्या गाड्या मिळतात. आपली गाडी वाहनतळावर ठेवून त्यांच्यासोबत जावे. सॅन दिएगोहून तिहुआनाला जायचे असेल, तर अमेरिकेतला विमा मेक्सिकोत चालत नाही. कंपनीची परवानगी आणि मेक्सिकोतली वेगळी दायित्व पॉलिसी दोन्ही लागतात.

कोणी काय घ्यावे

भारतातून दोन-तीन आठवड्यांसाठी जाणाऱ्या कुटुंबाने घरूनच दायित्वासह पॅकेज घ्यावे. ते मिळाले नाही, तर काउंटरवर एसएलआय निश्चित घ्यावी, आणि गाडीच्या नुकसानीसाठी प्रतिपूर्ती विमा पुरे की एलडीडब्ल्यू हवी, हे आपल्या कार्डाची मर्यादा बघून ठरवावे. तीन-चार हजार डॉलर कार्डावर दोन महिने अडकले तर घरखर्चाला ओढ लागणार असेल, तर एलडीडब्ल्यूच घेणे बरे. पैसे वाचवायचेच असतील, तर पीएआय, रस्त्यावरची मदत आणि आगाऊ इंधन यांत वाचवावेत. अमेरिकेत राहणाऱ्या आणि चांगल्या रकमेची पॉलिसी असणाऱ्यांना एसएलआयची गरज कमी, आणि चांगले कार्ड असेल तर एलडीडब्ल्यूचीही नाही. पण पॉलिसी राज्याच्या किमान रकमेचीच असेल, तर भाड्याच्या गाडीच्या आधी तीच वाढवून घ्यावी.

युरोपात मात्र हा क्रम बदलतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार थर्ड पार्टी संरक्षणाची किमान रक्कमच दर जखमी व्यक्तीमागे १३ लाख युरो किंवा दर अपघातामागे ६४.५ लाख युरो इतकी मोठी आहे, आणि हे संरक्षण गाडीसोबतच येते. फ्रान्स किंवा इटलीत गाडी घेताना उरतो तो फक्त गाडीच्या नुकसानीतला आपला वाटा, आणि तेवढ्यासाठी बाहेरचा स्वस्त प्रतिपूर्ती विमा पुरेसा होतो. फक्त तो भारतात राहणाऱ्या ग्राहकाला लागू आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी तपासावे, कारण असे अनेक विमे विशिष्ट देशांच्या रहिवाशांनाच विकले जातात.