टोस्ट नोटिफिकेशन, सात महिने वापरल्यानंतर

आमचं इंदूरच्या सियागंजात किराण्याचं ठोक काम आहे आणि बिलिंगचं वेब ॲप मीच बघतो, तर त्यात सात महिन्यांपासून रिॲक्ट-टोस्टिफाय ही टोस्ट दाखवणारी तयार लायब्ररी लावलीय, टोस्ट म्हणजे ते कोपऱ्यात येऊन आपोआप जाणारे छोटे मेसेज. आधी ब्राउझरचा साधा अलर्ट होता, प्रत्येक बिलाला ओके दाबा मगच पुढे, संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवरची मावशी पार वैतागायची.

लावायला सोपं आहे, टोस्टकंटेनर हा लायब्ररीचा भाग ॲपमध्ये एकदाच टाकायचा, मग कुठूनही एका ओळीत मेसेज. "बिल सेव्ह झालं" हिरवं येतं नि जातं, हात थांबत नाहीत, एवढ्यासाठी खरंच मस्त.

पण एररमध्ये मी चुकलो, हे नीट वाचा. डिफॉल्ट वेळ 5000 मिलीसेकंद, म्हणजे 5 सेकंद, ती मी सगळ्या मेसेजना तशीच ठेवली. एकदा नेट गेलं, बिल सेव्ह झालं नाही, लाल मेसेज आला पण मावशी तेव्हा हळदीचं पोतं काट्यावर बघत होती, वळली तोवर मेसेज गायब. गिऱ्हाईक माल घेऊन गेलं, रात्री हिशोब जुळेना, दोन तास आम्ही कच्च्या चिठ्ठ्या चाळत बसलो. मावशी म्हणाली, "अरे बाळा, मला काही दिसलंच नाही रे," आणि खरंच तिला दिसायला काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी एररला ऑटोक्लोज फॉल्स केलं, आता हाताने बंद करेपर्यंत तो हलत नाही, शिवाय तीच ओळ फॉर्मवर पण लाल अक्षरात राहते. ज्यात पैसे अडकू शकतात ती गोष्ट फक्त टोस्टवर सोडू नका, कितीही छान दिसला तरी.

नेट सारखं तुटलं की दर रीट्रायला नवा टोस्ट, एकावर एक सात-आठ. टोस्टआयडी, म्हणजे मेसेजला ठरलेली ओळख, दिल्यावर तोच मेसेज समोर असताना दुसरा येत नाही. जागा डिफॉल्ट वर उजवीकडे, आमचं प्रिंटचं बटण नेमकं तिथंच, म्हणून खाली डावीकडे नेला.

हिशोबाच्या काकांना कमी दिसतं, ते एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम (स्क्रीन रीडर) लावून काम करतात. इथे प्रत्येक टोस्टचा रोल, म्हणजे तो कसा मेसेज आहे हे रीडरला सांगणारी खूण, डिफॉल्टला अलर्ट असतो, त्यामुळे ते एखादी रक्कम ऐकत असले की मध्येच तोडून "सेव्ह झालं" ऐकू यायचं. आता साध्या मेसेजला रोल स्टेटस दिलाय, त्यांचं वाक्य पूर्ण होऊ देतो, अलर्ट फक्त एररला. वेबच्या सुलभतेचे डब्ल्यूसीएजी 2.1 नियम आहेत ना 2018 चे, त्यात 4.1.3 हा अशा मेसेजवरच आहे, फोकस, म्हणजे माणूस स्क्रीनवर जिथे काम करतोय ती जागा, न हलवता ते रीडरला कळले पाहिजेत. मी तो काकांनी सांगितल्यावर वाचला, आधी वाचायला हवा होता.

बिल रद्द केल्यावर "परत आणा" बटणवाला टोस्टही करून पाहिला, 8 सेकंदांचा. मावशीला तेवढा वेळ पुरत नाही, म्हणून ते बटण आता रद्द बिलांच्या यादीतही दिलंय, दिवसभर.