फ्लॉरेन्स नाइटिंगेल वॉक, लंडन: गाईड एक नंबर, शेवट मात्र गुंडाळला

लंडनला जाणार असाल आणि बकिंगहॅम राजवाडा वगैरे बघून झालं असेल तर हा वॉक करा. कंपनीचं नाव टाकत नाही कारण तक्रारी पण लिहिणारे, पण एकूणात पैसे वसूल.

सुरुवात सेंट थॉमस हॉस्पिटलच्या आवारातल्या नाइटिंगेल म्युझियमपासून. म्युझियम छोटंसंच आहे, पण बाईंनी पाळलेलं अथीना नावाचं घुबड तिथे पेंढा भरून ठेवलंय, एवढुस्सं आहे, त्याला त्या खिशात घालून फिरायच्या हे ते बघितल्यावरच पटतं. आणि तिथेच कंदील. शाळेत दिवा घेतलेली बाई वाचलं की डोळ्यासमोर हातात पणती वगैरे येते ना, तसं नाहीये, तो तुर्की फानूस, घड्या घालून मिटता येणारा, आत मेणबत्ती. गाईड म्हणाला हा नीट बघून ठेवा, पुढे विचारणार आहे.

बाहेर बागेत नदीकडे तोंड करून मेरी सीकोलचा पुतळा आहे, २०१६ साली बसवलेला. ही जमैकाची, ब्रिटन आणि रशियाच्या क्रिमियन युद्धात सरकारने नर्स म्हणून घेतलं नाही तर स्वतःच्या खर्चाने क्रिमियाला गेली, १८५५ मध्ये बालाक्लावाजवळ ब्रिटिश हॉटेल काढलं, सैनिकांना खायला घातलं, औषधपाणी केलं आणि युद्ध संपल्यावर दिवाळं वाजवून परत आली. एवढी भारी बाई आणि तिला पाच मिनिटं? मला हे पटलं नाही.

पुढचा भाग मात्र कडक. वेस्टमिन्स्टर ब्रिजवर थांबून गाईडने बाईंचा १८५८ चा तो पाकळ्यांचा चार्ट काढला. निळं म्हणजे टाळता आले असते अशा रोगांनी मेलेले सैनिक, लाल म्हणजे जखमांनी मेलेले, आणि निळ्यापुढे लाल अगदी चिमूटभर दिसतं. बाई ३८ जणींना घेऊन नोव्हेंबर १८५४ ला स्कुतारीच्या (आजच्या इस्तंबूलमधल्या) लष्करी हॉस्पिटलात पोचल्या, तरी पुढच्या फेब्रुवारीत मृत्यूदर शेकडा ४२ वर गेला होता, कारण हॉस्पिटलच्या खालीच गटारं तुंबलेली. मार्चमध्ये सरकारने पाठवलेलं सॅनिटरी कमिशन (स्वच्छता बघणारी समिती) आलं, गटारं उपसली, हवा खेळती केली, जूनपर्यंत आकडा २ च्या आसपास. म्हणजे सगळं श्रेय दिव्याला नाही हे गाईडने स्वच्छ सांगितलं, बाईंचं खरं काम परत आल्यावरचं, ते आकडे मांडून सरकारच्या मागे लागायचं. फक्त पुलावर वारा इतका की मागच्यांना निम्मं ऐकूच आलं नाही, हेडसेट द्या की राव.

मग सेंट जेम्स पार्कमधून वॉटर्लू प्लेस. क्रिमियन युद्धाचं स्मारक, त्यातले सैनिक रशियन तोफा वितळवून ओतलेत, आणि शेजारी १९१५ चा बाईंचा पुतळा. इथे गाईडने विचारलं काय चुकलंय? ग्रुपमधल्या एका शाळकरी पोरीने पटकन ओळखलं. हातातला दिवा! फानूस नाही, चक्क अल्लादिनचा तेलाचा दिवा दिलाय. आम्ही सगळे त्या दिव्याचेच फोटो काढत बसलो.

शेवटचा स्टॉप मेफेअरमधली साऊथ स्ट्रीट. १० नंबरच्या घरात बाई १९१० पर्यंत राहिल्या, घर पाडलंय, आता नुसती पाटी. तिथवर पाय गळाठतात आणि गाईड पण घड्याळ बघायला लागतो. पण खरं सांगायचं तर आपल्यासाठी हाच महत्त्वाचा स्टॉप, कारण याच घरातून, बराच काळ अंथरुणाला खिळून, बाई भारतातल्या पाणी, सांडपाणी आणि दुष्काळाबद्दल वर्षानुवर्षं लिहीत होत्या. भारतात कधी आल्या नाहीत पण पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार होता. यावर गाईड चकार शब्द बोलला नाही, मीच विचारलं तर हो हो इंडियावर पण लिहिलंय म्हणून मोकळा.

पाचपैकी चार. बूट चांगले घाला आणि म्युझियमला आधीच जाऊन या, वॉकमध्ये तिथे घाई होते.