बोरॉस एनर्जी: दोन बॅन घोषणा पचवलेल्या डेकचा अनुभव

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या मॉडर्न प्रकारात बोरॉस एनर्जी हा लाल-पांढरा डेक, म्हणजे कार्डांचा संच, घ्यावा का, असं कोणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकतो. समोरच्याला तुमची साठच्या साठ कार्डं पाठ असतील, तर तुम्हाला चालेल का? चालणार असेल तरच पुढचं वाचा. या डेकमध्ये लपवण्यासारखं काहीच नाही. पहिल्या टर्नला तुम्ही पांढरी मॅना (कार्डांची किंमत चुकवायचं चलन) देणारी जमीन, म्हणजे लँड, टाकून गाइड ऑफ सोल्स खाली ठेवलीत की समोरच्याला पुढच्या तीन टर्नचा अंदाज आलेला असतो.

मी हा डेक २६ ऑगस्ट २०२४ च्या बॅननंतर, म्हणजे काही कार्डांवर बंदी आल्यावर, उचलला. त्या जूनमध्ये मॉडर्न होरायझन्स ३ हा कार्डांचा सेट आला होता आणि पाठोपाठ नाडू, विंग्ड विस्डम नावाच्या पक्ष्याने सगळी स्पर्धा खाऊन टाकली. महिनाअखेरीस ॲमस्टरडॅमला झालेली प्रो टूर ही मोठी स्पर्धा सायमन निल्सनने नाडू घेऊनच जिंकली. नाडूचा टर्न सुरू झाला की समोरच्याने हातातली कार्डं पालथी ठेवून नुसतं बघत बसायचं. ऑगस्टमध्ये नाडू आणि ग्रीफ ही दोन्ही कार्डं बॅन झाली, आणि उरलेल्यांत सर्वांत तयार डेक एनर्जीच होता. त्याचा गाभाही त्याच सेटमधला: गाइड, ऑसेलॉट प्राइड, अजानी, फ्लेज आणि गॅल्व्हॅनिक डिस्चार्ज.

डेक कसा चालतो ते थोडक्यात. गाइड मैदानात असताना तुमचा दुसरा कुठलाही क्रीचर (लढणारा गडी) आला की एक लाइफ आणि एक एनर्जी (साठवून नंतर खर्चता येणारा गुण) मिळते. हल्ला करताना तीन एनर्जी मोजली की हल्ल्यातल्या एका क्रीचरवर ताकद वाढवणारे दोन काउंटर चढतात आणि तो उडायला लागतो. त्या टर्नमध्ये लाइफ मिळालं असेल तर टर्नच्या शेवटी ऑसेलॉट एक मांजर टोकन (कार्डाशिवायचा क्रीचर) देतो. अजानी दोन मॅनात स्वतः येतो आणि सोबत २/१ चं (मार दोन, टफनेस एक) मांजर आणतो. सुट्टं बघितलं तर यातलं एकही कार्ड भीतीदायक नाही, पण एकत्र आली की दुसऱ्या-तिसऱ्या टर्नलाच समोरच्याला उत्तर शोधावं लागतं.

'सोपा डेक आहे, मांजरं टाका आणि हल्ला करा' असं म्हणणाऱ्यांनी गॉब्लिन बॉम्बार्डमेंट नीट खेळलेलं नसतं. दुसऱ्या टर्नला अजानी, तिसऱ्याला बॉम्बार्डमेंट. आता त्यावर मांजर सॅक्रिफाइस केलंत, म्हणजे बळी दिलंत, की एक डॅमेज तर जातंच, शिवाय मांजर मेल्यामुळे अजानी उलटून प्लेन्सवॉकर (दर टर्नला एक क्षमता वापरता येणारं कार्ड) होतो. त्याची शून्यवाली क्षमता लगेच वापरली की नवं मांजर येतं. बॉम्बार्डमेंट लाल परमनंट (मैदानात टिकून राहणारं कार्ड) असल्यामुळे तुमच्याकडे जितके क्रीचर असतील तितकं डॅमेज वर हवं तिथे मारता येतं. म्हणजे समोरच्याने अजानीला हात लावायच्या आधीच, तुम्ही ठरवाल त्या क्षणी तो उलटतो. हे कळल्यावर डेक वेगळाच दिसायला लागतो. ब्लॉक झालेलं मांजर, समोरच्याने रिमूव्हलसाठी निवडलेलं मांजर, सगळी मरता मरता काहीतरी देऊन जातात.

फ्लेजचंही तसंच. तीन मॅनाला टाकला तर तीन डॅमेज, तीन लाइफ आणि गडी थेट ग्रेव्हयार्डात, म्हणजे बाद कार्डांच्या ढिगात. खरा फ्लेज तिथून परत येणारा: दोन लाल, दोन पांढरी मॅना आणि ग्रेव्हयार्डातली दुसरी पाच कार्डं एक्झाइल, म्हणजे खेळाबाहेर. सोबत अरीना ऑफ ग्लोरी ही लँड असेल तर चारच लँडवर हे जमतं, कारण अरीना एक लाल घेऊन दोन लाल देते आणि त्या मॅनाने आलेल्या क्रीचरला हेस्ट, म्हणजे त्याच टर्नला हल्ला करायची मुभा, मिळते. येताना तीन, हल्ला करताना तीन आणि ६/६ चा मार न अडता लागला तर सहा. एका टर्नमध्ये बारा डॅमेज, आणि तुम्हाला सहा लाइफ. हरत आलेले कितीतरी गेम यानेच फिरवले आहेत.

मेटाबद्दल, म्हणजे कोण कुठला डेक खेळतंय त्याबद्दल, मात्र मला जे सांगायचंय ते या डेकपुरतं नाही.

मॉडर्नचा सामना तीनपैकी दोन गेमचा. साइडबोर्ड, म्हणजे बदलीच्या कार्डांचा साठा, पंधरा कार्डांचा आणि तो पहिल्या गेमनंतर उघडतो. म्हणजे दोन गेममध्ये निकाल लागला तरी अर्धा सामना साइडबोर्डनंतरचा, आणि तीन गेम झाले तर दोन तृतीयांश. तरीही डेक निवडताना बहुतेक जण कुठला डेक किती टक्के लोक खेळतायत हे बघतात. मला त्याहून उपयोगी वाटतं ते लोकांच्या साइडबोर्डातल्या जागा कोणासाठी अडलेल्या आहेत हे बघणं.

याचं उत्तम उदाहरण २०२५ चे पहिले तीन महिने. १६ डिसेंबर २०२४ ला द वन रिंग, अँप्ड रॅप्टर आणि जेगांथा बॅन झाले. त्याच दिवशी मॉक्स ओपल, फेथलेस लूटिंग, ग्रीन सन्स झेनिथ आणि स्प्लिंटर ट्विन बंदीतून मोकळे झाले. रॅप्टर आमचा, जेगांथाही आमचा साइडबोर्डातला सोबती, आणि वन रिंग आमच्या काही याद्यांमध्ये होतीच. कागदावर एनर्जीचे पाय कापले गेले होते. प्रत्यक्षात जेगांथा गेल्यामुळे साइडबोर्डात एक जागा मोकळी झाली आणि एक बंधनही सुटलं. जेगांथा सोबत ठेवायची तर एकाच रंगाचं चिन्ह किमतीत दोनदा असलेलं कार्ड डेकमध्ये चालत नव्हतं. आता दोन लाल चिन्हांचा सीझन्ड पायरोमॅन्सर रॅप्टरच्या जागी आरामात बसला. तो दोन कार्डं टाकून दोन काढतो आणि टाकलेली कार्डं फ्लेजच्या कामी येतात. रॅप्टरइतका वेग त्यात नाही हे मान्य.

मॉक्स ओपल मोकळा झाल्यावर ग्राइंडिंग स्टेशन आणि अंडरवर्ल्ड ब्रीचचा डेक वर आला. ब्रीच मैदानात असताना ग्रेव्हयार्डातलं लँड नसलेलं कार्ड, इतर तीन एक्झाइल करून, पुन्हा खेळता येतं. स्टेशन एक आर्टिफॅक्ट (वस्तूचं कार्ड) खाऊन तीन कार्डं मिल करतं, म्हणजे डेकवरून थेट ग्रेव्हयार्डात टाकतं, आणि नवा आर्टिफॅक्ट आला की पुन्हा सरळ होतं, म्हणजे परत वापरता येतं. शून्य किमतीचा मॉक्स स्टेशनला खायला द्या, तीन कार्डं मिल करा, त्याच तिघांच्या बदल्यात मॉक्स परत आणा, स्टेशन सरळ. पुन्हा तेच. प्रत्येक फेरीत एक मॅनाही मिळते.

हा डेक आमच्यावर पहिल्या गेममध्ये भारी होता. पण त्याचा परिणाम काय झाला बघा. ब्रीचला अडवायचं म्हणून सगळ्यांचे साइडबोर्ड आर्टिफॅक्टविरोधी आणि ग्रेव्हयार्डविरोधी कार्डांनी भरले. आर्टिफॅक्टविरोधी कार्डाचा आमच्यावर शून्य परिणाम. ग्रेव्हयार्डविरोधी कार्डाने फ्लेजला त्रास होतो, पण समोरचा ते आणण्यात एक मॅना आणि एक कार्ड घालवतो आणि तोवर मांजरं चावत असतात. ब्रीचसमोर जे सामने गेले ते गेले, बाकीच्या खोलीसमोर ते महिने मला या डेकचे सर्वांत सुखाचे वाटले.

३१ मार्च २०२५ ला ब्रीच बॅन झालं तेव्हा एनर्जीवाल्यांनी आनंद केला. माझा अनुभव उलटा. ब्रीचसाठी अडलेल्या त्या सगळ्या जागा एका घोषणेने मोकळ्या झाल्या आणि त्यातल्या बऱ्याच आमच्याकडे वळल्या. माझ्या टेबलावर राथ ऑफ द स्काइज पुन्हा दिसायला लागलं: त्यात खेळणारा एक्सचा आकडा ठरवतो आणि तितक्या किंवा कमी किमतीचे क्रीचर, आर्टिफॅक्ट, एन्चँटमेंट नष्ट होतात. हे कार्ड आमच्यावर का चालतं? आमची टोकनं शून्य किमतीची, गाइड आणि ऑसेलॉट एकाचे, अजानी आणि बॉम्बार्डमेंट दोनाचे. समोरच्याने चार मॅनात एक्सची किंमत दोन ठेवली की मैदान साफ. तीन मॅनात, म्हणजे एक्स एक ठेवून मारलं, तर मांजरं मरतात, पण अजानी वाचतो आणि उलटतो. म्हणून समजदार खेळाडू चौथ्या लँडची वाट बघतो, आणि आपला डाव त्यावर बेतावा लागतो: त्याच्याकडे तीन लँड असताना हातातलं सगळं ओतायचं नाही, पायरोमॅन्सर किंवा फ्लेज मागे ठेवायचा. बॉम्बार्डमेंट असेल तर राथ स्टॅकवर असतानाच, म्हणजे त्याचा परिणाम व्हायच्या आधीच, सगळी फौज समोरच्याच्या तोंडावर फेकता येते. तेवढ्यात दोन-तीनदा गेम संपलाही आहे.

माझा साइडबोर्डचा हिशेब आता असा आहे की डेकच्या साठ कार्डांना फारसा हात लावायचा नाही, पंधरातली चार-पाच फिरवायची. काही कार्डं कायमची. ऑरिम्स चँट एका पांढऱ्या मॅनात समोरच्याला त्या टर्नपुरतं काहीही कास्ट करू देत नाही. रूबी स्टॉर्म या कॉम्बो डेकने दोन-तीन रिच्युअल (मॅना देणारी कार्डं) खर्च केल्यावर मारलं की त्याची मॅना वाऱ्यावर. टर्नच्या सुरुवातीला घाईने मारलं तर तो हातातली कार्डं राखून पुढच्या टर्नला येतो. थ्रेबन चार्म मी मेन डेकमध्येही ठेवतो. क्रीचर मारतं, एन्चँटमेंट फोडतं किंवा ग्रेव्हयार्ड उडवतं, त्यामुळे हातात निरुपयोगी राहणं कठीण. ग्रेव्हयार्डच बंद करणारं रेस्ट इन पीस मात्र मी कधीच घेतलं नाही. स्वतःचाच फ्लेज कोंडून घेण्यात काय हशील?

बेसिक नसलेल्या सगळ्या लँडना माउंटन करणाऱ्या ब्लड मूनबद्दल दोन शब्द. अॅम्युलेट टायटन आणि एल्ड्राझी या डेकांसमोर ते लागतंच. पण ब्लड मून टाकल्यावर आपली अरीनाही नुसती माउंटन होते, आणि फ्लेजला परत आणायला दोन पांढऱ्या लागतात. बेसिक प्लेन्स आधी शोधून ठेवली नसतील तर आपणच कुलूप लावून किल्ली आत टाकतो. ब्लड मून हातात असेल तर पहिला फेच (डेकमधून दुसरी लँड शोधून आणणारी लँड) बिनदिक्कत प्लेन्सवर घालवा.

आरसा सामना, म्हणजे एनर्जी विरुद्ध एनर्जी, अजून मला पुरता आवडत नाही. पहिलं कोण खेळतं यावर बरंच ठरतं. तरी कौशल्याला जागा आहे आणि ती डिस्चार्जमध्ये आहे. डिस्चार्ज तीन एनर्जी देतं आणि मोजाल तितकं डॅमेज करतं, पण सगळी मोजायची सक्ती नाही. ऑसेलॉटला एकच पुरते, गाइडला दोन. उरलेली साठते. गाइडमधून आलेली धरून तीन शिल्लक असली की पुढचं डिस्चार्ज सहा डॅमेजचं होतं, आणि ग्रेव्हयार्डातून परत आलेल्या फ्लेजची टफनेसही सहाच. समोरच्याच्या एनर्जीवरही डोळा ठेवा. कागदावर लिहून ठेवत नसेल तर विचारा, नियमाने त्याला सांगावंच लागतं.

आकडेवारी वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मॅजिक ऑनलाइनच्या लीगमधून ज्या याद्या प्रसिद्ध होतात त्या पाचही सामने जिंकलेल्यांच्या असतात, आणि त्यातूनही निवडक. त्यावरून अमुक कार्डाने कोणीतरी जिंकलं हे कळतं. त्याच कार्डाने किती जण दोन जिंकून तीन हरून घरी गेले हे कळत नाही. मी त्या याद्यांमध्ये फक्त साइडबोर्ड वाचतो आणि इतर डेकांच्या पंधरात पांढऱ्या रंगाची स्वीपर (मैदान साफ करणारी कार्डं) किती आहेत ते मोजतो. ती वाढली की पायरोमॅन्सर वाढवतो, घटली की एक-दोन मॅनाची कार्डं वाढवतो.

तक्रारी आहेत. वेगवान कॉम्बोसमोर पहिला गेम बऱ्याचदा नुसती शर्यत असते आणि ती शर्यत आपण हरतो. सात कार्डांत लँड आणि एक मॅनाचा क्रीचर नसेल तर हात सुंदर दिसला तरी सोडून द्यावा लागतो. आणि खरं सांगायचं तर कंटाळा येतो. सलग कित्येक राउंड तेच अजानी, तीच मांजरं. अनपेक्षित काहीतरी करून समोरच्याला चाट पाडायची हौस असेल तर डिमिर मर्कटाइड हा निळा-काळा डेक घ्या. सायकिक फ्रॉगसोबत प्रत्येक टर्नला निर्णय असतात, आणि चुकलात तर लगेच कळतं.

बाजू उजवी म्हणाल तर राउंडच्या पन्नास मिनिटांत सामने वेळेवर संपतात. आठ राउंडच्या स्विसमध्ये मधला वेळ खाऊन-पिऊन डोकं शांत करायला मिळतो, आणि सातव्या राउंडला त्याची किंमत कळते. शिवाय हरल्यावर का हरलो हे सहसा नीट सांगता येतं.

एप्रिल २०२५ च्या टार्किर: ड्रॅगनस्टॉर्म या सेटमधला व्हॉइस ऑफ व्हिक्टरी हा क्रीचर आल्यापासून माझ्या दोन मॅनाच्या जागांवर भांडण चालू आहे. तो मैदानात असला की आपल्या टर्नमध्ये समोरच्याला काही कास्ट करता येत नाही, त्यामुळे काउंटरस्पेलवाल्यांसमोर (आपली कार्डं रद्द करणाऱ्यांसमोर) तो सोन्यासारखा. आरशात मात्र डिस्चार्ज खाऊन मरतो आणि मागे काही ठेवत नाही. सध्या दोन मेन डेकमध्ये, एक साइडबोर्डात. डिमिर कमी झाला तर पहिले तेच दोन बाहेर जातील.